साडेपाच पंजांचा उतार

बॅग भरताना भावानं आण्णांचा ओळंबा रुमालात गुंडाळून माझ्या बॅगेत तळाशी ठेवला. पितळेचा, वर लाकडी गट्टू, टोक घासून बोथट झालेलं. आमचे वडील गवंडी. कराड आणि आसपासच्या गावांतली चाळीसएक घरं त्यांच्या हातची. मी पुढे सिव्हिल इंजिनिअर झाले, एकतीस वर्षं साइटवर काढून गेल्या वर्षी निवृत्त झाले. धाकटा भाऊ आण्णांच्याच धंद्यात आहे, स्वतःची माणसं घेऊन कामं करतो. आण्णांनी एका जुन्या कॅलेंडरचं पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं, गिझाच्या तीन पिरॅमिडांचं. "राजाचं नाव सगळे सांगतात गं, मिस्त्रीचं कोण सांगतंय का?" असं म्हणायचे.

ते पिरॅमिड प्रत्यक्ष बघायचं त्यांचं राहून गेलं. म्हणून जानेवारीत आम्ही दोघं इजिप्तला गेलो. आणि ठरवून सरळ गिझाला गेलो नाही. ज्या क्रमानं ती माणसं पिरॅमिड बांधायला शिकली त्या क्रमानं बघत जायचं, असं मी भावाला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तू म्हणशील तसं. फक्त घाई नको."

दिवस पहिला, कैरो

पहाटे उतरलो. दुपारी कैरोतल्या जुन्या संग्रहालयात गेलो ते एकाच वस्तूसाठी. ज्याच्यासाठी इजिप्तमधला सगळ्यात मोठा पिरॅमिड उभा राहिला त्या खुफूचा आज हाती असलेला एकमेव अखंड पुतळा साडेसात सेंटिमीटरांचा आहे. हस्तिदंताचा, तळहातावर मावेल एवढा. १९०३ मध्ये पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रींना तो अबायडोसला सापडला तेव्हा मुंडकं नव्हतं. त्यांनी राडारोडा चाळणीतून काढायला लावला आणि काही आठवड्यांनी ते मिळालं. भाऊ काचेसमोर बराच वेळ वाकून उभा होता.

दिवस दुसरा, सक्कारा

जोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड. सुमारे साडेचार हजार वर्षांहून जुना, सहा टप्पे, उंची ६२ मीटरच्या आसपास, पाया अंदाजे १२१ बाय १०९ मीटर. म्हणजे चौरससुद्धा नाही. त्यामागचं कारण कळलं की ही वास्तू फार जवळची वाटते. सुरुवातीला इथे मस्तबा, म्हणजे थडग्यावरचा बसका ओटा बांधायला घेतला होता. तो वाढवला. मग त्यावर चार टप्पे चढवले. ते होत असताना पुन्हा विचार बदलला आणि सहा केले. मालकानं काम चालू असताना मजला वाढवायला सांगितल्यासारखं हे आहे, आणि ते करून दाखवणारा माणूस होता इम्होतेप. सक्कारालाच सापडलेल्या राजाच्या पुतळ्याच्या बैठकीवर त्याचं नाव कोरलेलं आहे. म्हणजे पहिल्याच साइटवर मिस्त्रीचं नाव मिळालं. मी ते भावाला सांगितलं तेव्हा तो नुसता "हं" म्हणाला आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसू लागला.

मला खरं अडकवून ठेवलं ते प्रवेशाच्या दालनानं. दोन्ही बाजूंना दगडी खांबांची रांग आहे, बोरूच्या जुड्या बांधाव्यात तशा उभ्या रेघांचे खांब. पण एकही खांब सुटा उभा नाही, प्रत्येकाच्या पाठीमागे छोटी भिंत आहे आणि खांब त्या भिंतीला जोडलेला आहे. दगडाचा खांब एकटा उभा राहील याचा अजून भरवसा नव्हता. वरच्या छताचा दगड खालून गोल घडवलाय, लाकडी ओंडके टाकल्यासारखा. तोपर्यंत सगळी घरं माती, बोरू आणि लाकडाची होती. दगड हातात आला तरी हाताला जुनीच सवय. चिरेसुद्धा लहान, कच्च्या विटेच्या बेतानं घेतलेले, आणि थर आडवे न ठेवता आतल्या बाजूला कललेले. कललेला थर आत रेलतो, बाहेर सुटत नाही, असा त्यामागचा हिशेब. हा कल लक्षात ठेव असं मी भावाला सांगून ठेवलं.

दिवस तिसरा, मेदूम

कैरोपासून दक्षिणेला दोनेक तास. उसाची आणि बरसीमची शेतं संपतात आणि वाळवंटाच्या कडेला एक बुरूज दिसतो, खाली दगडमातीच्या ढिगात उभा. हा पिरॅमिड आहे हे सांगावं लागतं.

मूळ पिरॅमिड टप्प्याटप्प्यांचा होता, आधी सात टप्पे आणि नंतर आठ. मग स्नेफेरू राजाच्या काळात ठरलं की टप्प्यांमधले कोनाडे भरून बाजू सरळ उताराची करायची. पाया १४४ मीटरचा झाला, उंची ९२ मीटरपर्यंत जायची होती. इथेच घात झाला. टप्प्यांच्या बाहेरच्या बाजू आधीच घडीव दगडानं गुळगुळीत केलेल्या होत्या, आणि नवा भराव त्यांना नुसता टेकवला. जुन्या भिंतीला नवी भिंत जोडायची असेल तर आपण दाते सोडतो, म्हणजे एकाआड एक चिरा बाहेर ठेवतो, तेव्हा कुठे दोन्ही एकजीव होतात. इथे दाते नाहीत. शिवाय बाहेरचा भाग खडकावर न बसवता वाळूवर बसवलेला. तो सगळा घसरून खाली आला. कधी आला, एकदम आला की शतकानुशतकं थोडाथोडा, यावर अभ्यासकांचे वाद आहेत.

बुरुजावर आजही गुळगुळीत पट्टा आणि खडबडीत पट्टा असे आलटूनपालटून दिसतात. गुळगुळीत पट्टा म्हणजे उघडी राहणार असलेली टप्प्याची बाजू, खडबडीत म्हणजे झाकली जाणार म्हणून न घासलेली. भाऊ म्हणाला, "ताई, गुळगुळीत केलेल्या भिंतीवर प्लास्टर धरत नाही म्हणून आण्णा टाचे मारायला लावायचे ना, तसंच आहे हे." तसंच आहे.

आतली खोली लहान आहे, पण तिच्या छतात एक नवी गोष्ट आहे. दोन्ही बाजूंचे दगड थराथरानं पुढे पुढे काढत वर मिटवलेले. आपल्या हेमाडपंती देवळांच्या छतात हीच युक्ती असते. राजघराण्याच्या अवजड थडग्याला इतक्या साध्या युक्तीनं डोक्यावरचं ओझं दोन्ही बाजूंना उतरवून देता येतं, हे इथे पहिल्यांदा हाताशी आलेलं दिसतं.

दिवस चौथा, दहशूर

या एका दिवसासाठी मी पुन्हा इजिप्तला जाईन. सकाळी सातला निघालो. गर्दी जवळजवळ नाही. एकाच राजाचे, त्याच स्नेफेरूचे, दोन प्रचंड पिरॅमिड दीड-दोन किलोमीटर अंतरावर उभे आहेत, आणि दोन्ही मिळून एकच गोष्ट सांगतात.

पहिला वाकलेला पिरॅमिड. पाया सुमारे १८९ मीटर, उंची १०५ मीटरच्या जरा आत. खालच्या भागाचा उतार ५४ अंशांचा, आणि जवळपास ४७ मीटरवर तो एकदम मोडतो आणि वरचा भाग ४३ अंशांनी जातो.

इथे इजिप्तचं मोजमाप सांगायला हवं, कारण मराठी माणसाला ते समजावून घ्यावंच लागत नाही. त्यांचं मूळ माप हात. हाताचे पंजे, आणि एक पंजा म्हणजे चार बोटं. आपल्या जुन्या हिशेबात हात २४ अंगुळांचा. त्यांचाही साधा हात २४ बोटांचा, मात्र राजाच्या बांधकामाचा हात एक पंजा जास्त, म्हणजे सात पंजे, २८ बोटं, सुमारे ५२.४ सेंटिमीटर. उतार ते अंशांत मोजत नसत. एक हात वर चढलं की बाजू किती पंजे आत सरते, एवढंच ते सांगत. त्याला त्यांचा शब्द सेकेद. राइंड पपायरस या इजिप्तच्या जुन्या गणिताच्या पोथीत या सेकेदची चक्क गणितं सोडवून दाखवली आहेत. साइटवर हे माप सोन्यासारखं आहे: हातात गुण्या, ओळंबा आणि पंजांच्या खुणांची पट्टी असली की कुणीही दगडाचा उतार तपासू शकतो.

वाकलेल्या पिरॅमिडचा खालचा भाग पाच पंजांचा. तो त्याआधी याहूनही उभा, साठ अंशांच्या जवळ सुरू झाला होता. जमीन दबायला लागली तेव्हा चारी बाजूंनी नवं बांधकाम लावून पाया रुंद केला आणि उतार कमी केला. तरी भागलं नाही. खाली खडक नव्हता, रेती-मातीचा थर होता. आतल्या खोल्यांना तडे गेले. मग अर्ध्यावर पोचलेलं काम थांबवून कुणीतरी निर्णय घेतला: इथून वर साडेसात पंजे. वजन कमी करा.

मी आत गेले. भावाचा गुडघा दुखत होता, तो बाहेर थांबला. २०१९ पासून हे आतून बघता येतं. उत्तरेच्या दारातून जवळपास ऐंशी मीटरचा उतरता बोळ, पाठ वाकवूनच जायचं. मग लाकडी शिड्या. वरच्या खोलीत भिंतींच्या मधोमध देवदाराचे जाड वासे आडवे ठोकलेले आहेत, साडेचार हजार वर्षांपूर्वीचे, त्याच जागी. आम्ही जुन्या इमारतीत भिंत सुटायला लागली की असेच आडवे टेकू मारतो. त्या वाशाला टॉर्च लावून उभी राहिले तेव्हा छातीत धडधडत होतं. कुणीतरी रात्री झोप न लागता इथे येऊन तडे मोजले असतील, दिवा धरला असेल, सकाळी माणसं बोलावली असतील. ती काळजी मी ओळखते. माझ्या एका साइटवर स्लॅबच्या तुळईला तडा दिसला होता. पुढचे नऊ दिवस मी घरी जेवायला सुद्धा बसले नव्हते.

बाहेर आल्यावर भावानं मला काहीतरी दाखवायला ओढत नेलं. खालच्या भागाचे थर आत कललेले आहेत, जोसेरसारखे. मोड आल्यानंतरचे वरचे थर सरळ आडवे. मी सक्काराला सांगितलेला कल त्यानं लक्षात ठेवला होता. कललेल्या थरांनी आतल्या खोल्यांवर दाब वाढतो. आडव्या थरांनी वजन सरळ खाली जातं. त्याच एका इमारतीत, मध्येच, त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत टाकून दिली.

दुपारी लाल पिरॅमिड. पाया २२० मीटर, उंची १०५. उतार पहिल्यापासून शेवटपर्यंत ४३ अंश, जो वाकलेल्याच्या वरच्या भागात सुरक्षित ठरला तोच. थर पहिल्यापासून आडवे. हा पहिला खरा, सरळ बाजूंचा, यशस्वी पिरॅमिड. दार जमिनीपासून २८ मीटर वर, मग साठेक मीटरचा बुटका उतार. आत अमोनियाचा वास नाकात बसतो. पण पहिल्या दालनात मान वर केली आणि वास विसरले. दोन्ही बाजूंचे अकरा थर, प्रत्येक थर खालच्याच्या जरा पुढे, बारा मीटर उंचीवर मिटलेले. एकही तडा नाही. मेदूमच्या त्या लहानशा खोलीतली युक्ती इथे एवढी मोठी झाली आहे.

मेदूम आणि हे दोन मिळून स्नेफेरूच्या कारकिर्दीत ३५ लाख घनमीटरांहून जास्त दगड रचला गेला. त्याच्या मुलाच्या, खुफूच्या पिरॅमिडपेक्षा कितीतरी जास्त. नाव मात्र मुलाचं झालं.

दिवस पाचवा

भावाचा गुडघा सुजला, म्हणून आरामाचा दिवस. दुपारी चार वाजता ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये खुफूची नाव पाहिली. १९५४ मध्ये पिरॅमिडच्या दक्षिणेच्या खड्ड्यात १,२२४ तुकड्यांत सापडली, जोडल्यावर ४३ मीटर भरली. फळ्या दोरांनी शिवलेल्या. रात्री कोशरी खाल्ली: भात, मसूर, मॅकरोनी, वर तळलेला कांदा.

दिवस सहावा, गिझा, बाहेरून

आतापर्यंतचं सगळं बघून इथे आलं की खुफूचा हा पिरॅमिड आकाशातून पडल्यासारखा वाटत नाही. उतार ५१ अंश ५० मिनिटं. सेकेदमध्ये साडेपाच पंजे. पाच पंजे जास्त उभे झाले, साडेसात जास्त बसके. या वेळी साडेपाच. आणि जागा निवडली ती पक्क्या चुनखडकाची.

पाया ४४० हात, म्हणजे २३०.३ मीटर. मूळ उंची २८० हात, १४६.६ मीटर, शेंडा गेल्यामुळे आता १३८ च्या आसपास. १९२५ मधल्या मोजणीत चार बाजू अशा निघाल्या: उत्तर २३०.२५३, दक्षिण २३०.४५४, पूर्व २३०.३९१, पश्चिम २३०.३५७ मीटर. सगळ्यात लांब आणि सगळ्यात आखूड बाजूत वीस सेंटिमीटरांचा फरक. पायाची पातळी चारी बाजूंना दोनेक सेंटिमीटरांत. बाजू खऱ्या उत्तरेला अंशाच्या पंधराव्या भागाइतक्या चुकीनं लागलेल्या.

माझ्या धंद्यातल्या माणसांना एक गोष्ट आवर्जून सांगते. चौरस आखताना आपण शेवटी दोन्ही कर्ण मोजतो, जुळले की कोपरे काटकोनात. इथे कर्ण मोजताच येत नव्हते, कारण मधोमध मूळ खडकाचा उंचवटा तसाच ठेवून त्याच्याभोवती बांधलं आहे. कर्ण न मोजता हे कोपरे आले आहेत. मी आग्नेय कोपऱ्यावर उभी राहिले आणि उत्तरेकडे नजर लावली. २३० मीटरची कड, नजरेला कुठेच पोट नाही.

भावानं मोबाइलवर त्याच्या पद्धतीनं हिशेब मांडला. अंदाजे २३ लाख दगड, सरासरी अडीच टन. काम वीस वर्षं, वर्षाचे सगळे दिवस, रोज दहा तास धरले तर दर दोन मिनिटांना एक दगड बसला पाहिजे. तो घाबरला. मग मी त्याला घनफळाचा हिशेब सांगितला: उंचीच्या पहिल्या पाचव्या हिश्श्यात, म्हणजे खालच्या तीस मीटरांतच निम्मा दगड संपतो. निम्म्या उंचीवर पोचलं की आठातले सात भाग झालेले असतात. खाली जागा मोठी, एकाच वेळी अनेक बाजूंनी दगड आत घेता येतो. वर काम अवघड होत जातं तसतसा दगडही कमी लागतो. थरसुद्धा एकसारखे नाहीत. सगळ्यात खालचा थर दीड मीटर उंच, वर वर बहुतेक अर्ध्या-पाऊण मीटरचे. खाणीतून जसा थर निघाला तसा लावला. "हे आपल्यासारखंच की," असं म्हणून भाऊ एका दगडाच्या सावलीत बसला.

आतला बहुतेक दगड इथलाच, पिरॅमिडच्या दक्षिणेच्या खाणीतला. माणूस उभा राहील एवढे चर मारून ठोकळे सुटे केले, तांब्याच्या छिन्न्या आणि कठीण दगडाचे घण एवढ्यावर. लोखंड नाही, कप्पी नाही. ओढायला लाकडी घसरगाडे. वाळू बेतानं ओली केली की ओढायला निम्मंच बळ लागतं, हे २०१४ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या अभ्यासकांनी करून पाहिलं. आणि जेहुतीहोतेप नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातल्या चित्रात पुतळ्याच्या गाड्यापुढे एक माणूस पाणी ओततोय, तो तेच करतोय. चढणीबाबत अजून एकमत नाही. पण २०१८ मध्ये हतनूबच्या खाणीत खुफूच्याच काळातली एक तीव्र चढण सापडली, दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि खांब रोवायची भोकं.

बाहेरचा पांढरा घडीव दगड नदीपलीकडच्या तुरा खाणीतला. तो कसा आला हे आपल्याला त्या कामावरच्या माणसाकडूनच कळलं आहे. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी, वादी अल-जर्फला, पिएर ताले यांच्या पथकाला पपायरस सापडले. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. चाळीसएक माणसांची टोळी, तुऱ्याला दगड भरायचा, नदी आणि कालव्यांतून गिझाला आणायचा, मुक्काम करायचा, रिकामी नाव घेऊन परत जायचं. दहा दिवसांत दोन-तीन फेऱ्या. कुठल्या दिवशी कुठे झोपलो हेसुद्धा त्यानं लिहून ठेवलंय. साइटवर मी एकतीस वर्षं असंच डायरीचं पान भरत होते.

तो पांढरा दगड पुढे कैरोच्या इमारतींसाठी काढून नेला गेला. उत्तरेच्या पायाशी थोडे दगड मूळ जागी उरले आहेत. त्यांच्यातले सांधे सरासरी अर्ध्या मिलिमीटरचे, असं पेट्रींनी मोजून लिहिलं आहे. दोन दगडांच्या मधली रेघ दिसते, पण नख अडकत नाही.

इथे भावानं बॅगेतून ओळंबा काढला. पहारेकऱ्याला खुणेनं विचारलं, त्यानं मान हलवली. दगडाला हात न लावता त्यानं दोरी अशी धरली की टोक उताराच्या अगदी खालच्या कडेशी आलं. ओळंबा डोलायचा थांबेपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग मी जमिनीपासून वर पंजे मोजले, चार बोटं, चार बोटं, सात वेळा. तिथून दोरीपासून दगडापर्यंत आडवे. पाच पंजे पूर्ण बसले. सहाव्याची दोनच बोटं मावली. पंजा माझा होता, खुफूच्या मिस्त्रीचा नव्हता, पण गुणोत्तराला त्याचं काय?

दिवस सातवा, गिझा, आतून

चोरवाटेनं आत, मग ३९ मीटरची वाकून चढायची वाट, आणि एकदम मोठी गॅलरी: जवळपास ४७ मीटर लांब, ८.६ मीटर उंच, बाजूंचे सात थर आत आत येत मिटलेले. मेदूम, दहशूर, आणि आता हे. राजाची खोली २० हात बाय १० हात, सगळी अस्वानच्या ग्रॅनाइटची, जो नदीनं ८०० किलोमीटरांवरून आला. छताला नऊ शिळा, मिळून चारशे टनांच्या आसपास. ग्रॅनाइटची पेटी चढत्या वाटेपेक्षा किंचित रुंद आहे. ती बांधकाम चालू असतानाच ठेवून मग छत घातलं असणार.

त्या छतावर एकावर एक पाच बंद पोकळ्या आहेत. तिथे कुणी जाणार नव्हतं, म्हणून भिंती न घासता सोडल्या, आणि टोळ्यांनी लाल रंगात लिहिलेली आपली नावं तशीच राहिली. एका टोळीचं नाव "खुफूचे मित्र" अशा अर्थाचं आहे. आम्हाला ते दिसत नाही. पण त्याच्या खाली उभं राहून वर बघितलं.

संध्याकाळी खालच्या बाजूला कामगारांच्या थडग्यांकडे गेलो. १९९० मध्ये सापडली. मातीच्या विटांची, काहींना बांधकामातून उरलेले दगड लावलेले. इथल्या सांगाड्यांचे मणके झिजलेले आहेत, हातापायांची हाडं मोडून नीट जुळलेली आहेत, म्हणजे कुणीतरी ती बांधली, ती माणसं बरी झाली, पुन्हा कामाला आली. शेजारच्या वस्तीत मार्क लेहनर यांच्या पथकाला भट्ट्या, धान्याची कोठारं आणि गुराढोरांची ढीगभर हाडं सापडली. चांगलं जेवायला घालत होते.

आण्णांचाही कमरेचा मणका असाच गेला होता. शेवटी शेवटी ते खुर्चीवर बसून, दुसऱ्या कुणाला तरी ओळंबा धरायला सांगून भिंत बघायचे. भावानं दोरी गट्टूला गुंडाळली, ओळंबा रुमालात बांधला आणि या वेळी माझ्या बॅगेत न ठेवता स्वतःच्या खिशात घातला.